थ्री किंगडम्समध्ये वस्त्यांची देवघेव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लढाई कशी जिंकायची हे सांगणारे पुष्कळ आहेत. न लढता गाव कसं पदरात पाडून घ्यायचं, हे विचारलं की मात्र सगळे गप्प होतात. 'टोटल वॉर: थ्री किंगडम्स' हा जुन्या चीनमधल्या लढाया आणि राजकारणाचा संगणकावरचा खेळ मी सुरुवातीपासून खेळतो आहे. नवीन खेळाडू आणि भाचेमंडळी जे प्रश्न फिरून फिरून विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. खेळ मराठीत नाही, त्यामुळे टर्न (एक पाळी), डील (सौदा), एआय (समोरून खेळणारा संगणक) हे शब्द तसेच ठेवलेत. संगणक ज्यांच्या वतीने खेळतो त्या फॅक्शन्सना, म्हणजे गटांना, मी 'सरदार' म्हणतो. तुम्ही हवं ते म्हणा.

हे सगळं नेमकं कोणत्या आवृत्तीबद्दल आहे?

क्रिएटिव्ह असेंब्लीने केलेला आणि सेगाने बाजारात आणलेला मूळ खेळ 23 मे 2019 रोजी आला. त्याची मुख्य मोहीम इ.स. 190 मध्ये सुरू होते. हान साम्राज्य मोडकळीस आलंय, बालसम्राट डाँग झुओच्या मुठीत आहे आणि बाकीचे सरदार त्याच्याविरुद्ध एकत्र येताहेत, असा तो काळ. नंतरच्या जोडांमधून 182, 194, 200 अशी वेगळी सुरुवातीची सालं मिळाली. 2021 साली कंपनीने या खेळावरचं काम थांबवलं. त्याचं मला वाईट वाटलं, पण एक फायदा झाला: आज शिकलेला हिशोब उद्याच्या अपडेटने चुकत नाही. मॉड (चाहत्यांनी खेळात केलेले बदल) लावून खेळत असाल तर मात्र खालचं सगळं थोडं सांभाळून घ्या.

'वस्ती' म्हणजे अख्खं शहर द्यायचं की काय?

नाही, आणि सगळी गंमत इथूनच सुरू होते. नकाशा कमांडरींमध्ये विभागलेला आहे. आपल्या तालुक्यासारखं समजा. प्रत्येक कमांडरीत एक मुख्य शहर असतं आणि त्याच्या आसपास एकदोन छोट्या वस्त्या असतात. शेतीचं गाव, गुरांची वस्ती, लोखंडाची किंवा तांब्याची खाण, लाकडाची वखार, अवजारं बनवणाऱ्यांचं गाव, मासेमारीचं बंदर, घोड्यांची पैदास, असं काहीही. यातली प्रत्येक वस्ती स्वतंत्र आहे. शहर तुमचं आणि शेतं शेजाऱ्याची, ही परिस्थिती अगदी रोजची. गावाकडे भाऊबंदकीत जमिनीचे तुकडे होतात आणि विहीर एकाच्या वाट्याला, रान दुसऱ्याच्या वाट्याला येतं, हुबेहूब तसंच.

देवघेव होते ती मुख्यतः या तुकड्यांची. शहर मागायला गेलात तर बहुतेक वेळा हात हलवत परत याल. तुकडा मागा.

डील मांडायची कशी?

राजकारणाचा पडदा उघडा, सरदार निवडा, बोलणी सुरू करा. एका बाजूला तुम्ही काय देणार, दुसऱ्या बाजूला काय मागणार. यात रोख रक्कम, दर टर्नचे हप्ते, अन्न, शस्त्रं-घोडे-चिलखतं यांसारख्या वस्तू, लग्नसंबंध, व्यापार करार, तह आणि वस्त्या, सगळं एकाच ताटात वाढता येतं. खाली एक आकडा दिसतो. समोरच्याला हा सौदा कितपत परवडतो ते तो आकडा सांगतो. उणे असेल तर नकार, शून्याच्या वर गेला की होकार.

समजा तुम्ही मासेमारीचं बंदर मागितलं आणि आकडा उणे 12 झाला. मग थोडे पैसे घाला, तो उणे 9 होईल. एखादा घोडा घाला, उणे 7. अन्न घाला आणि बघा काय होतं. असं चाचपत जायचं. भाजीवालीशी घासाघीस केलेली असेल तर वेगळं शिकावं लागणार नाही. फरक एवढाच की इथे भाजीवालीच्या मनातला भाव पडद्यावर लिहिलेला असतो.

दोन बटणं नवीन लोक वापरतच नाहीत. एकात एआयलाच विचारता येतं की हा सौदा जमवायला तुला आणखी काय हवंय. दुसऱ्याने एखादी गोष्ट कोणकोण मान्य करेल हे सगळ्या सरदारांना एकदम विचारता येतं. पहिल्या बटणाने मिळालेलं उत्तर कधीच तसंच्या तसं स्वीकारू नका. एआय तिथे स्वतःच्या सोयीचं मागतो. त्याने काय मागितलं ते फक्त बघा, कारण त्यावरून त्याची दुखरी नस कळते. मग सौदा मोडून पुन्हा आपल्या हाताने मांडा.

एआय वस्तीची किंमत ठरवतो तरी कशी? कधी कवडीमोल, कधी अवाच्या सवा!

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर लोकांना पटत नाही. लोक समजतात की वस्तीची एक ठरलेली किंमत असेल, मोठी वस्ती महाग, छोटी स्वस्त. तसं थोडंफार आहेही. पण खरा फरक पडतो तो वस्तीमुळे नाही, तिच्या मालकामुळे. तो आज किती अडलाय, यामुळे.

एकच लोखंडाची खाण घ्या. मालक सुखात आहे, कोठारं भरलेली, सीमेवर शांतता, तुमच्याबद्दल मत जेमतेम. अशा वेळी खजिना रिकामा केलात तरी आकडा उणेच राहील. तोच मालक आठ-दहा टर्नांनी दोन आघाड्यांवर लढतोय, अन्नाचा तुटवडा आहे, लोकांत असंतोष माजलाय. आता तीच खाण, तोच मालक, आणि आकडा पार बदललेला. गरजवंताला अक्कल नसते हे आपण माणसांबद्दल म्हणतो. एआयच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे, कारण त्याला पुढचा हिशोब करता येत नाही. आज पोट रिकामं आहे हे त्याला कळतं. आज दिलेली खाण तीस टर्नांनी आपल्याच विरुद्ध तलवारी घडवेल, हे त्याच्या गणितात नाही.

त्यामुळे मी वस्ती निवडून तिचा मालक शोधत नाही, उलट करतो. दर चार-पाच टर्नांनी सगळ्या शेजाऱ्यांची यादी उघडतो. कोण युद्धात आहे, कोणाचं सैन्य घटलंय, कोणाशी बोलताना अन्नाला अचानक मोठा भाव येतोय, ते पाहतो. अडलेला सरदार सापडला की मग त्याच्याकडे काय आहे ते बघायचं.

याखेरीज दोन गोष्टी आकड्यावर बसलेल्या असतात. त्याचं तुमच्याबद्दलचं मत, आणि तुम्ही शब्द पाळणारे आहात की नाही याचा तुमचा लौकिक. लौकिक खराब असेल तर प्रत्येक सौद्यात गुपचूप दंड बसतो. आकड्यावर माउस नेला की कशामुळे किती अधिक-उणे झालं याची फोड दिसते. ती वाचायची सवय लावा, तुमचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.

अन्नाच्या बदल्यात खरंच गाव मिळतं?

मिळतं. या खेळात आवळा देऊन कोहळा काढण्याचा यापेक्षा सरळ मार्ग नाही.

कारण असं. शहर जितकं मोठं तितकं ते अन्न खातं. एआय शहरं वाढवत सुटतो आणि शेतीकडे दुर्लक्ष करतो. मग तूट येते, आणि तुटीचे परिणाम भयंकर असतात. कोठार संपलं की लोक बिथरतात, सैन्याचेही हाल होतात. म्हणून तुटीतल्या सरदाराच्या नजरेत तुमच्याकडचं थोडंसं अन्नही रोकड्यापेक्षा कितीतरी मोलाचं.

माझा एक अनुभव सांगतो. काँग राँग हा सरदार घेऊन त्याच्या बेइहाई या ठाण्यातून खेळत होतो. हा बिचारा विद्वान माणूस, लढाईत फार भरवशाचा नाही. दक्षिणेच्या शेजाऱ्याकडे एक शेतीचं गाव होतं. ते माझ्या शहराला लागून, पण मालकी त्याची. दोनदा मागितलं, दोनदा झिडकारला गेलो. मग मी काय केलं, तर काहीच केलं नाही. शेतं वाढवली, शहर मुद्दाम लहान ठेवलं आणि शिल्लक अन्न साठवत बसलो. पिवळ्या फेटेवाल्या बंडखोरांनी त्याला घेरलं, त्याची गणितं कोलमडली, आणि एका टर्नला यादीत त्याच्या नावापुढे अन्नाला आलेला भाव पाहून मी खुर्चीत ताठ बसलो. थोडं अन्न आणि नावापुरती रक्कम, एवढ्यात गाव माझं. वर त्याचं माझ्याबद्दलचं मतही सुधारलं!

पण गंमत पुढे आहे. त्याने मला जे विकलं ते शेतीचंच गाव होतं. म्हणजे अन्नाची तूट भरण्यासाठी त्याने अन्न पिकवणारी जमीन विकली. दुष्काळात बैल विकल्यासारखं. पुढच्या काही टर्नांत तो आणखी अडला आणि पुन्हा माझ्याच दारात आला. खरं सांगतो, दुसऱ्या वेळी मला थोडं कसंसंच झालं. घेतलं मी, पण कसंसंच झालं.

सावधगिरी एकच: दिलेलं अन्न दर टर्नला जात राहतं. तुमचं शहर पुढच्या पायरीवर चढवलंत आणि हा करार विसरलात, तर तूट तुमच्या घरात येईल. शहर वाढवण्याआधी कोण कोण आपलं खातंय ते मोजा.

रोख द्यावं की हप्ते?

सरदार लवकरच बुडणार असं दिसत असेल तर त्याच्याकडून घेताना हप्ते. तो संपला की हप्तेही संपले, गाव तुमच्याकडे. विकताना याच्या बरोबर उलट: बुडत्याकडून रोख घ्या.

शत्रूशी युद्ध चालू आहे. तहात गाव मागता येतं का?

येतं. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. लोक मोठी लढाई जिंकतात आणि लगेच शहराला वेढा घालायला धावतात. त्याआधी एकदा बोलणी उघडून बघा. ज्याचं मुख्य सैन्य नुकतंच कापलं गेलंय, त्याला तह हवा असतो. त्या तहाच्या ताटात एखादी छोटी वस्ती घालून बघा. पुष्कळदा आकडा शून्याच्या वर येतो.

वेढ्याने घेतलेलं गाव आणि तहात मिळालेलं गाव यांत माझ्या मते दुसरं सरस. माणसं मरत नाहीत, घरं पडत नाहीत, टर्न वाया जात नाहीत. शिवाय युद्ध संपतं, सैन्य दुसरीकडे हलवता येतं. युद्ध वाढलं की नवनवे सरदार त्यात ओढले जातात आणि मग कोणीच ऐकत नाही, म्हणून हे लवकर करा.

आपण का विकावी? गाव विकणं म्हणजे हार नाही का?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाजच बदलतो. सातबाऱ्यावरचं नाव काढायचं म्हटलं की आपल्याकडे कुणालाही धस्स होतं, अगदी पडद्यावरची जमीन असली तरी.

पण बघा. राज्य वाढलं की भ्रष्टाचार वाढतो आणि उत्पन्नाचा लचका तोडतो. सगळ्या कमांडरींना कारभारी नेमता येत नाहीत, त्यांची संख्या मर्यादित असते. युद्धाच्या ओघात कुठेतरी लांब, डोंगरापलीकडे एक तुकडा ताब्यात येतो. ना त्याचं शहर तुमचं, ना तिथे वेळेवर सैन्य पोचत. असा तुकडा ठेवण्यात काहीच अर्थ नाही. पहिल्या हल्ल्यात तो जाणारच आहे. त्याआधी विकलात तर निदान पैसे मिळतील.

कोणाला विकायचा, हा खरा प्रश्न. मी शक्यतो अशाला विकतो ज्याचं माझ्या शत्रूशी वैर आहे. तुकडा मग मधल्या भिंतीचं काम करतो: शत्रूचं सैन्य माझ्याकडे येण्याआधी त्याच्याशी भिडतं. दगडापेक्षा वीट मऊ. आणि कधीकधी दोन सरदारांच्या मधोमध असलेला तुकडा त्यातल्या एकाला दिला की पुढच्या दहा टर्नांत त्यांचीच जुंपते. सुंठीवाचून खोकला गेला!

विकलेली वस्ती दोन टर्नांनी हल्ला करून परत घेतली तर?

पैसेही मिळाले आणि गावही, असं वाटतं खरं. एकदा करून बघा, मग पुढच्या पन्नास टर्नांचे सौदे बघा.

तह, अनाक्रमण करार, व्यापार करार यांपैकी काही चालू असताना युद्ध पुकारलं, किंवा करार मोडून लगेच चाल केली, की तुमच्या नावावर विश्वासघाताचा शिक्का बसतो. तो फक्त ज्याला फसवलं त्याच्या मनात राहत नाही, सगळ्या नकाशावर पसरतो. मग ज्याच्याशी तुमचा काही संबंध नाही असा दूरचा सरदारही साध्या व्यापारासाठी नाक मुरडतो. हा डाग हळूहळू पुसतो, पण तोवर तुम्ही एकटे पडता. शेवटच्या टप्प्यात, जेव्हा बोलणी करायला फारसं कोणी उरलेलंच नसतं, तेव्हा काय करायचं ते करा. सुरुवातीला नको.

माझं सैन्य तिथेच उभं असताना वस्ती दिली तर काय होतं?

आधी सैन्य काढा, मग द्या. प्रदेश परका झाला की तुमची रसद भरली जात नाही, उलट घटत जाते. वाटेचा परवाना घेतलेला नसेल तर घुसखोरीबद्दल नवा मालकही नाराज होतो. ज्याला आत्ता खूश केलंत त्याच्याच अंगणात बिनपरवाना तंबू ठोकलेला. हा मूर्खपणा मी दोनदा केला आहे, म्हणून सांगतो.

व्यापारासाठी वस्ती घेण्याचा काय संबंध?

व्यापार करारासाठी दोघांच्या प्रदेशांना जोडणारी वाट लागते: सीमेला सीमा किंवा बंदरं. श्रीमंत सरदार दोन गावं पलीकडे असेल तर मधला एक तुकडा विकत घेतला की वाट उघडू शकते. बंदर मिळालं तर उत्तमच. फक्त आधी तुमच्या पदाप्रमाणे किती व्यापार करार करता येतात ते बघा. जागाच शिल्लक नसेल तर वाट उघडून उपयोग नाही.

मांडलिकाला जमीन द्यावी का?

थोडी. मांडलिक उत्पन्नातला वाटा देतो, म्हणजे त्याला दिलेली वस्ती पूर्णपणे हातची जात नाही. कारभारी आणि भ्रष्टाचाराची कटकट मात्र त्याच्या गळ्यात जाते. सीमेवरचे त्रासदायक तुकडे मांडलिकाला देणं मला आवडतं. पण त्याचं पोट भरू लागलं की तो स्वतंत्र होण्याची स्वप्नं बघतो. शिंगं फुटतात. दोन-तीन वस्त्यांवर थांबा.

खऱ्या इतिहासात अशी देवघेव होत होती की खेळवाल्यांनी घुसडली?

होत होती, आणि त्या काळाच्या काही मोठ्या घटना याच आहेत. 191 मध्ये हान फू नावाच्या अधिकाऱ्याने जी प्रांत लढाई न करता युआन शाओच्या हवाली केला, कारण दुसऱ्या बाजूने गोंगसुन झानची भीती दाखवली गेली होती. म्हणजे नाक दाबणं तिथेही होतंच. 194 मध्ये शू प्रांताचा ताओ च्यान वारला आणि प्रांत ल्यू बेईकडे आला. खेळात ल्यू बेई घेतलात तर हा प्रसंग घटनेच्या रूपात समोर येऊ शकतो. आला तर सोडू नका.

सगळ्यांत रंजक प्रकरण जिंग प्रांताचं. 208 मध्ये लाल कड्यांच्या लढाईत सुन च्वान आणि ल्यू बेई यांनी मिळून त्साओ त्साओला (खेळणारे 'काओ काओ' म्हणतात तोच) परतवून लावलं. त्यानंतर सुन च्वानने आपला लू सू नावाचा सल्लागार म्हणत होता म्हणून, जिंगमधला मोक्याचा भाग ल्यू बेईला जणू उसना दिला. ल्यू बेईला बसायला जागा हवी होती, सुन च्वानला त्साओ त्साओच्या आड येणारं कोणीतरी हवं होतं. मधली भिंत, दुसरं काय. 214 मध्ये ल्यू बेईने पश्चिमेचा यी प्रांत जिंकला. आता तुला घर मिळालं, आमची जागा परत दे, असं सुन च्वान म्हणाला. ल्यू बेईने टाळाटाळ केली. 215 मध्ये प्रकरण युद्धापर्यंत गेलं आणि शियांग नदी हद्द धरून वाटणी झाली. ती टिकली नाही. 219 मध्ये ल्यू बेईचा सेनापती ग्वान यू उत्तरेत लढण्यात गुंतलेला असताना सुन च्वानच्या ल्यू मंगने मागून जिंग घेतलं, ग्वान यू पकडला गेला आणि मारला गेला. सूड म्हणून ल्यू बेईने चढाई केली आणि 222 मध्ये यीलिंगला दारुण हार खाल्ली. उसन्या जमिनीवरून एवढं सगळं.

आपल्याकडेही हे नवीन नाही. मुंबईची बेटं 1661 च्या विवाह करारात पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि 1668 मध्ये त्याने ती वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. 1782 च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांकडे परत आली, साष्टी इंग्रजांकडे राहिली. थ्री किंगडम्सच्या भाषेत सांगायचं तर एक शहर परत घेतलं आणि शेजारचा तुकडा सोडला. तो तुकडा आज किती महाग आहे ते ठाण्या-मुलुंडला घर शोधणाऱ्याला विचारा.

कोणता सरदार घेतला तर हा खेळ रंगतो?

काँग राँग, कारण व्यापार आणि बोलणी हाच त्याचा पिंड. त्साओ त्साओकडे दुसऱ्यांच्या आपापसातल्या संबंधांत ढवळाढवळ करण्याची खास ताकद आहे. दोन सरदारांना लढवून द्यायचं आणि दोघंही अडले की खरेदीला बाहेर पडायचं, हा त्याचा खरा आनंद. ल्यू बेईची गोष्ट वेगळी: त्याच्या खास साधनाने तो हान साम्राज्याच्या ताब्यातल्या वस्त्या न लढता स्वतःकडे ओढून घेऊ शकतो. त्यामुळे सुरुवातीला त्याला सौद्यांची गरज कमी भासते.

डाँग झुओ घेऊन गोड बोलण्याचा प्रयत्न मी केला. कोणी ऐकत नाही.

एआय स्वतःहून प्रस्ताव आणतो, ते चांगले असतात का?

क्वचित. पण नाकारण्याआधी त्याने काय मागितलंय ते वाचा. अन्न मागत असेल तर त्याची ही वेळ लक्षात ठेवा आणि त्याच टर्नला तुम्ही स्वतः बोलणी उघडा.

एखाद्याची एकुलती एक वस्ती विकत घेता येईल?

त्यात वेळ घालवू नका. एकच वस्ती उरलेल्या सरदाराला मांडलिक व्हायला राजी करणं जास्त शक्यतेचं असतं.

ही फसवणूक नाही का? एआयला येड्यात काढून जिंकण्यात काय मर्दुमकी?

यावर माझी आणि माझ्या एका मित्राची दर दिवाळीत भांडणं होतात. त्याचं म्हणणं, ही खेळातली भोकं आहेत, त्यातून शिरू नये. माझं म्हणणं, भुकेल्याला अन्न देऊन जमीन घेणं हा प्रकार त्या काळातल्या सरदारांनाही ठाऊक होता, सावकारांना तर सगळ्याच काळात. मी स्वतःवर दोन बंधनं घातली आहेत. गाव विकून लगेच परत घ्यायचं नाही. आणि एका सरदाराकडून लागोपाठ सगळे तुकडे घेऊन त्याला फक्त शहरापुरता ठेवायचं नाही, कारण मग तो लवकर मरतो, त्याची जागा कोणीतरी बलाढ्य घेतो आणि माझा आयता गिऱ्हाईक जातो. दुसरं बंधन नीतीपेक्षा धंद्याचं आहे, हे मित्राने मला सुनावलेलं आहे.

कठीण पातळीवर हे चालतं का?

चालतं, पण महाग पडतं. मोजून मापून द्यायची सवय नसेल तर आधी मधल्या पातळीवर हात बसवा.

आकडा उणे अर्ध्यावर येऊन अडकतो. काहीही घातलं तरी हलत नाही. काय करू?

खजिन्यातले पैसे ओतत बसू नका. तुमच्या सेनापतींच्या जुन्या, अडगळीत पडलेल्या वस्तू बघा: साधी तलवार, दुसऱ्या दर्जाचा घोडा, कोणी न वापरलेलं चिलखत. या सगळ्या डीलमध्ये घालता येतात आणि अर्धा-एक आकडा त्यातच भरून निघतो. माझ्याकडे तर एक साधा तपकिरी घोडा मी फक्त याच कामासाठी ठेवलेला असायचा. तेवढ्यानेही जमलं नाही तर बोलणी बंद करा, दोन टर्न थांबा आणि त्याचं कोठार किती उरलंय याचा अंदाज घेऊन परत या.